घरी बांधायची पट्ट्यांची कनू: सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे. तिथं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर दारं-खिडक्या आणि देव्हारे केले. त्याच शेडमध्ये आम्ही दोघांनी दोन हिवाळ्यांत सोळा फुटी लाकडी कनू बांधली. ती गाडीच्या टपावर बांधून निघालं की सिग्नलला लोक काच खाली करून विचारतात. वखारीत विचारतात, पाण्याच्या काठावर तर हमखास. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं सविस्तर लिहून ठेवते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढं ती सारखी येणार: होडीचा नकाशा परदेशी चालतो, पण वेळापत्रक इथलंच लागतं. लाकूड आणि इपॉक्सी (हार्डनर कालवला की घट्ट होणारं रेझिन) दोन्ही हवेप्रमाणं वागतात, आणि हवा आपल्या सांगलीची आहे.

कनू म्हणजे काय? आपल्या नावेपेक्षा वेगळी कशी?

कनू ही अरुंद, उघडी, दोन्ही टोकांना निमुळती होडी. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी ती बर्च झाडाच्या सालीची करत, आत सीडरच्या बरगड्या घालत. एकोणिसाव्या शतकात कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात, पीटरबरो भागात, सीडरच्या अरुंद पट्ट्या जोडून कनू बनू लागल्या. आज लोक घरी बांधतात ती त्याच्या पुढची पायरी. पट्ट्या कडेला कड लावून चिकटवायच्या आणि आतून-बाहेरून फायबरग्लासचं कापड इपॉक्सीनं बसवायचं. मग बरगड्या लागत नाहीत. लाकूड हा मधला गर, कापड ही दोन्हीकडची साल. कृष्णेवरची नाव जाड फळ्यांची, ती काठावर ओढायला चार माणसं लागतात. कनू एकटा माणूस खांद्यावर घेऊन जातो.

सीडर इथं मिळतं का? देवदार चालेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यात घोटाळाही तितकाच.

परदेशी नकाशांत जे सीडर लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा वेस्टर्न रेड सीडर. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचं. लाकूड अतिशय हलकं, घनमीटरला साधारण ३७० किलो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते खरं सीडर नाहीच. खऱ्या सीडरांपैकी एक म्हणजे आपला हिमालयातला देवदार. पण देवदार बराच जड, ५५० किलोच्या आसपास, आणि तेलकट. शिवाय आपल्याकडच्या वखारीत 'देवदार' म्हणून जे पुढं करतात ते पुष्कळदा पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन असतं, वीतभर अंतरावर गाठ. गाठ आली की पट्टी वाकवताना तिथंच मोडते.

आयात केलेलं सीडर मोठ्या शहरांतून मागवता येतं. आम्ही मागवलं नाही. आमच्या होडीचा मुख्य भाग शिवणीचा आहे. शिवण आपल्याकडे शेताच्या बांधावरही लावतात. लाकूड फिकट, वजन साधारण ४५० ते ५०० किलो, आणि मुख्य म्हणजे ते हवेनं फार फुगत-आकसत नाही. मधे दोन लालसर रेघा दिसतात त्या तून नावाच्या लाकडाच्या. तून ओळखायला आम्ही मिरजेला एका वाद्यकारागिरांकडे गेलो होतो. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांसाठी तून वापरतात (या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं). त्यांनी फळीचा तुकडा दोन बोटांत वरच्या टोकाला अलगद धरला, मधे टिचकी मारली आणि माझ्या कानाशी आणला. चांगल्या वाळलेल्या तुकड्याचा आवाज मोकळा, थोडा वेळ टिकणारा. आतून ओल असलेल्याचा बद्द. मी त्या दिवशी वीसेक तुकडे वाजवले असतील. पुढं वखारीत प्रत्येक फळी अशीच वाजवून घेतली.

सागवान मात्र काठाच्या पट्ट्यांनाच ठेवा. अख्खी होडी सागाची केली तर सीडरपेक्षा नऊ-एक किलो वाढतील. शिवणीनं तीन-चार किलोच वाढतात.

लाकूड किती घ्यायचं?

सुताराच्या मापात सांगते, आठ सुतांचा एक इंच. पट्टी दोन सूत जाड आणि सहा सूत रुंद. सोळा फुटी होडीला अशा सत्तर ते पंचाहत्तर पट्ट्या लागतात. तयार पट्ट्यांचं माप दीड-पावणेदोन घनफूटच भरतं. पण करवतीचं पातं दर कापाला एक सूत खातं, म्हणजे दोन सुताच्या पट्टीमागं एक सूत भुसा. गाठी, भेगा, तिरकी रेषा यांत जाईल ते वेगळं. चार घनफूट घ्या, उरलं तर वल्ह्याला येईल.

सलग सतरा फुटी फळी इथं मिळणं अवघड. आठ-नऊ फुटी पट्ट्या तिरक्या सांध्यानं जोडा. जाडीच्या आठपट उतार ठेवायचा, म्हणजे दोन सुताच्या पट्टीला दोन इंच. शेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. दिसायलाही वाईट आणि वाकवायलाही.

हत्यारं कोणती?

टेबल सॉ किंवा सॉ मिलवाल्याशी चांगली ओळख, छोटा रंधा, पटाशी, गुण्या, ओळंबा, राऊटर, आणि जमतील तेवढे क्लॅम्प. काठाच्या पट्ट्या चिकटवताना आम्हाला चाळीस कमी पडले. मग जुन्या पीव्हीसी पाइपच्या चार बोटं रुंद चकत्या कापून, एकीकडून चिरून, त्यांचेच चिमटे केले. उत्तम चालले.

राऊटर पट्टीच्या कडांसाठी. एका कडेला गोल उंचवटा, दुसऱ्या कडेला तसाच खोलगट, सुतार ज्याला नर-मादी म्हणतात तसं. होडीच्या गोलाईत पट्टी फिरते तेव्हा सांध्यात फट पडत नाही. राऊटर नसेल तर दर पट्टीची कड रंध्यानं तिरकी करावी लागते. वेळ दुप्पट, पण होतं. अण्णांना शेवटपर्यंत रंधाच पसंत होता.

नकाशा आणि साचे कसे करायचे?

नकाशात दर फुटावरचा आडवा छेद दिलेला असतो. तो खऱ्या मापात छापून प्लायवर चिकटवायचा आणि कापायचा. सोळा फुटी होडीला असे पंधरा साचे आणि दोन्ही टोकांच्या नाळेचे, म्हणजे निमुळत्या टोकांचे, दोन. छपाई आर्किटेक्ट लोक जिथं मोठे नकाशे काढतात तिथं करा आणि दुकानातच टेपनं मोजा. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला तर सगळं माप दोन-चार टक्क्यांनी आक्रसतं आणि ते डोळ्याला कळत नाही.

साचे ज्या लांब पेटीवर उभे करायचे ती पेटी सरळ असली पाहिजे. टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणा, प्रत्येक साच्याची मधली रेघ दोरीखाली आणा, मग ओळंबा. यात आमचे चार रविवार गेले आणि ते सत्कारणी लागले. इथं सूतभर चुकलं तर शेवटच्या पट्टीपर्यंत ती चूक तुमच्यासोबत राहते.

कामाला कधी लागावं?

याचं उत्तर आम्ही एकदा चुकून शिकलो, म्हणून सगळं सांगते.

पहिल्या वर्षी उत्साहात आम्ही पट्ट्या जानेवारीत चिकटवायला घेतल्या. त्या संपता संपता एप्रिल उजाडला. थांबायला हवं होतं. पण बाहेरचं कापड तेवढं बसवून टाकू म्हणून एका दुपारी इपॉक्सी कालवायला घेतली. शेडमध्ये पत्रा तापलेला, हवा चाळिशीला टेकलेली. प्लास्टिकच्या मगात अर्धा किलो एकदम कालवली. पाच मिनिटांत मग हातात धरवेना. खाली ठेवला तर धूर निघायला लागला, मग वाकला आणि आतलं सगळं पिवळं पडून दगड झालं. इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडते, आणि खोल भांड्यात ती उष्णता बाहेर पडत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो.

पुन्हा थोडी थोडी कालवून ते कापड आम्ही कसंबसं बसवलं. आतली बाजू पावसाळ्यानंतर करू म्हटलं. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. बाहेरून बंद, आतून उघडी अशी होडी साच्यांवरून काढून चार महिने पावसाच्या हवेत राहिली. आतलं लाकूड ओल पिऊन फुगलं, बाहेरचं फुगू शकलं नाही. गणपतीत मोजली तर मधली रुंदी दीड इंचानं पसरलेली. अण्णा काही बोलले नाहीत. दोन्ही काठांना दोरी बांधून, मधे काठी घालून पीळ देत त्यांनी ती रोज थोडी थोडी आत आणली. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ती जागेवर आली.

आता कोणी विचारलं तर मी असं सांगते. लाकूड उन्हाळ्यात घ्या आणि पावसाळाभर वाऱ्याला, सावलीत, खाली ठोकळे लावून रचून ठेवा. साचे पावसाळ्यात करा, प्लायच्या कामाला पाऊस आडवा येत नाही. दसऱ्यानंतर पट्ट्या कापा. दिवाळीनंतर चिकटवायला घ्या. संक्रांतीच्या आसपास बाहेरचं कापड, आणि लगेच पंधरा दिवसांत आतलं. शिवरात्रीपर्यंत दोन्ही बाजू बंद झाल्याच पाहिजेत. नाही जमलं तर कापडाला हातच लावू नका. पट्ट्यांचं उघडं लाकूड साच्यांवर तसंच राहू द्या आणि पुढचा हिवाळा धरा.

पट्ट्या बसवताना अवघड काय?

पहिल्या दहा पट्ट्या सोप्या. काठापासून सुरुवात करून तळाकडे जायचं (होडी उलटी असते, म्हणून आपण वर वर चढत जातो). बाजूंच्या वळणात पट्टीला पीळ बसतो, तिथं घाई केली की ती तडकते. आम्ही ओलं फडकं दहा मिनिटं गुंडाळून मग वाकवायचो.

खरी कसोटी तळ बंद करताना. मधे लांबट, दोन्हीकडे टोकदार अशी उघडी जागा उरते आणि प्रत्येक पट्टी तिथं दोन्ही टोकांना घासून बसवावी लागते. दिवसाला दोन पट्ट्या झाल्या तरी खूप. शेवटची पट्टी पाचर असते. ती अण्णांनी तीन वेळा रंधली, चौथ्यांदा हलक्या हातानं ठोकली आणि ती बसली. आईनं नारळ आणून ठेवलेलाच होता.

स्टेपलची भोकं दिसतात का?

हो. पट्टी चिकटेपर्यंत तिला साच्यांना स्टेपलनं धरून ठेवतात, ती भोकं जवळून दिसतात. मला ती आवडतात. नको असतील तर स्टेपलऐवजी क्लॅम्प आणि रबरी पट्ट्या वापरा, वेळ बराच जास्त लागेल.

घासकाम किती करायचं?

कंटाळा येईपर्यंत आणि त्याच्या पुढंही. आधी रंधा, मग लांब ठोकळ्याला लावलेला ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. नुसत्या हातात कागद धरून घासू नका, मऊ लाकडात खड्डे पडतात.

कुठं उंच, कुठं खोल हे बघायला अण्णा डोळे मिटायचे. उजव्या हाताचा पंजा सपाट ठेवून नाळेपासून मागं फिरवत जायचे. मधेच थांबायचे, अंगठ्याच्या नखानं खूण करायचे आणि म्हणायचे, "इथं." मला हात लावून काहीच कळायचं नाही. पण ट्यूबलाइट आडवी धरली की बरोबर त्या खुणेवर सावली पडलेली असायची. फेब्रुवारीपर्यंत माझ्याही हाताला थोडं कळू लागलं.

साधं फायबरचं रेझिन चालेल का? ते स्वस्त आहे.

नको. पत्रे, टाक्या, मूर्ती करणारे वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. ते लाकडाला इपॉक्सीइतकं घट्ट धरत नाही, काही वर्षांत कापड सुटायला लागतं. कापडही विणलेलंच घ्या, चौरस मीटरला २०० ग्रॅमचं, इपॉक्सीला चालणारं. तुटक धाग्यांची चटई मिळते ती घेऊ नका. तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमध्येच विरघळतो, इपॉक्सीत नाही, आणि मग ती पांढरीच राहते. टेबलावर ओततात ती जाड इपॉक्सी वेगळी, तीही नको. लॅमिनेशनची, पातळ, मंद हार्डनरची मागा.

प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच, आणि वजनकाट्यावर. 'लवकर वाळावी' म्हणून हार्डनर वाढवला तर ती कायमची चिकट राहते.

एका वेळी दीडशे-दोनशे ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. होडीला एकूण पाच-सहा किलो लागते. खर्चात सगळ्यात मोठा वाटा हिचाच, लाकडाचा नाही. इथं काटकसर करू नका.

कापडाखाली बुडबुडे आले. का?

लाकडात हवा असते. लाकूड तापत गेलं की ती फुगून बाहेर येते आणि ओल्या इपॉक्सीत फोड आणते. म्हणून कापडाचं काम सकाळी घेऊ नये. जानेवारीत दुपारी चारच्या सुमारास सुरू करा, म्हणजे पुढं हवा गारच होत जाते आणि लाकूड उलट इपॉक्सी आत ओढून घेतं. रात्री पारा पंधराच्या खाली जात असेल तर शेडची दारं बंद ठेवा, नाहीतर सकाळपर्यंत नीट धरत नाही.

दुसऱ्या दिवशी वर मेणचट थर जाणवला तर तो कागदानं घासू नका, कागद भरून जातो. साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन धुवा, पुसा, मग घासा.

अंगाला त्रास होतो का?

होऊ शकतो. इपॉक्सी पुन्हा पुन्हा कातडीला लागली की ॲलर्जी बसते, आणि एकदा बसली की जन्माची. नायट्राइलचे हातमोजे घाला, हात थिनरनं पुसू नका. घासताना एन-९५ मास्क हवाच. वेस्टर्न रेड सीडरच्या भुशानं दमा जडतो हे नीट माहीत झालेलं आहे, आणि कोणत्याच लाकडाचा बारीक भुसा छातीला चांगला नाही. ज्यांना आधीच दमा आहे त्यांनी घासकाम दुसऱ्याला द्यावं.

वजन किती झालं? वेळ किती लागला?

आमची २८ किलो. सीडरची याच मापाची २२ ते २५ किलोत बसते. वहीत लिहिलेले तास तीनशेच्या थोडे वर आहेत. ज्याच्या घरी अण्णा नाहीत त्यानं आणखी धरावेत.

व्हार्निश कशाला? इपॉक्सी चकचकीत असतेच.

इपॉक्सीला ऊन सोसत नाही. पिवळी पडते, मग पावडर सुटते. उन्हातली अतिनील किरणं अडवणारं मरीन व्हार्निश तीन हात द्या. दर दोन वर्षांनी हलकं घासून आणखी एक हात.

कुठं चालवता? कृष्णेत मगरी नाहीत का?

आहेत. भिलवडी, औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात त्या वरचेवर दिसतात, हिवाळ्यात मळीवर उन्हाला पडलेल्या असतात. उन्हाळ्यात मादी अंडी राखते तेव्हा तर काठाजवळ जाऊच नये. आम्ही नदीत फार थोडं जातो. पहिल्यांदा हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते तिथं, एका वयस्कर नावाडीमामांना विचारून आणि त्यांच्या नावेच्या मागं मागंच गेलो. त्यांनी आधी होडी काठावरून हातानं दाबून पाहिली. मी बसल्यावर खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हिला पाणी लई कमी लागतंय की." खरंच, एक माणूस बसला तर चार बोटांहून थोडंच जास्त बुडते.

एरवी तलाव बरा. सातारा जिल्ह्यात कोयनेचा शिवसागर, धोम, कण्हेर असे जलाशय आहेत, पण धरणाच्या पाण्यात आपली होडी घालण्याआधी जलसंपदा खात्याची परवानगी लेखी घ्या. बामणोलीकडं जाणार असाल तर वनखात्याचीही चौकशी करा, पलीकडचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे.

लाइफ जॅकेट अंगावर, होडीत ठेवलेलं नव्हे. आणि पहिल्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात ती मुद्दाम उलटी करून पुन्हा चढायचा सराव करा.

पुरात उपयोगी पडेल का?

नाही. हा प्रश्न सांगलीत कोणी सहज विचारत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली आणि कितीतरी जीव गेले. कनू अरुंद असते, एक घाबरलेला माणूस उभा राहिला की ती कलंडते. पुराच्या पाण्यात तारा, फांद्या, खांब आणि ओढ असते. तिथं सपाट तळाची, यंत्राची, प्रशिक्षित माणसांची बोटच हवी.

ठेवायची कुठं?

उलटी, सावलीत, जमिनीपासून वर. जमिनीवर ठेवली तर वाळवी काठाच्या पट्ट्यांतून शिरते. आमच्या शेडमध्ये २०१९ ला छातीभर पाणी होतं, म्हणून ती आता दोन पट्ट्यांवर छताच्या तुळयांना टांगलेली असते.

दगडावर घासली तर?

आपले दगड बेसॉल्टचे, धारदार. पांढरी रेघ उमटली आणि नखाला अडकत नसेल तर ती व्हार्निशमध्येच आहे, सोडून द्या. नख अडकलं तर इपॉक्सीपर्यंत गेली. कोरडी करून घासा, थोडी इपॉक्सी भरा, वरून व्हार्निश. लाकूड काळपट दिसायला लागलं तर आत पाणी गेलं आहे. मग ती जागा आधी पूर्ण वाळू द्यायची, आठवडा लागला तरी. मगच चार बोटं जास्त रुंद कापडाचा तुकडा वर बसवायचा. आमच्या नाळेखाली असा एक तुकडा आहे. तो मी एकटीनं बसवला, अण्णांनी फक्त वरून हात फिरवून पाहिला.